कहाणी न विचारता आधार: महाविद्यालयात आघाताची जाण ठेवून शिकवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पदवीच्या वर्गांना समाजशास्त्र शिकवता. ‘कुटुंबसंस्था’ या घटकावरच्या असाइनमेंटमध्ये एका विद्यार्थिनीने लहानपणी घरात सोसलेल्या मारहाणीबद्दल लिहिलं. त्यावर काय लिहावं, गुण कसे द्यावेत, कुणाला सांगावं की सांगू नये, काहीच सुचेना. तुमच्या विभागात आता ट्रॉमा-इन्फॉर्म्ड शिकवण्याची, म्हणजे मानसिक आघाताची जाण ठेवून शिकवण्याची चर्चा सुरू आहे. पण ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, यामुळे मुलं आणखी हळवी होतील आणि दर्जा घसरेल. आणि तुम्ही विचारता, ‘मी मानसशास्त्राची नाही, मग यात माझं काम नेमकं काय?’

मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गांना बरीच वर्षं शिकवते आणि प्राध्यापकांची प्रशिक्षणंही घेते. आधी तुमच्या हातातल्या असाइनमेंटबद्दल बोलू, कारण ती विद्यार्थिनी उत्तराची वाट पाहते आहे.

तिला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. माझं काम कसं झालं, हे एक. आणि मी जे लिहिलं ते बाईंनी खरंच वाचलं का, हे दुसरं. दोन्हींची उत्तरं एकाच शेऱ्यात देऊ नका. गुण नेहमीच्याच निकषांवर द्या: संकल्पना नीट वापरली आहे का, वाचलेल्या साहित्याशी जोड घातली आहे का, मांडणी पटते का. अनुभव किती भयंकर होता, याचे गुण नसतात. कणव येऊन चार गुण जास्त दिले तर ते विद्यार्थ्याला बरोबर कळतं, आणि आपल्या दुःखाला गुण मिळाले ही भावना फार बोचते. उलट, त्या मजकुराची कसलीच दखल न घेता फक्त ‘संदर्भ अपुरे’ असं लाल शाईत लिहिलं तर ती पुन्हा कुणापुढे तोंड उघडणार नाही. म्हणून गुण आणि शेरे एका कागदावर, आणि दुसरी एक वेगळी, खासगी चिठ्ठी किंवा ईमेल. मी साधारण असं लिहिते:

‘तुझं लिखाण मी पूर्ण वाचलं. जे लिहिलंस ते लिहिणं सोपं नसतं, याची मला कल्पना आहे. तुझे गुण आणि शेरे वेगळे दिले आहेत, ते फक्त मांडणीबद्दल आहेत. मला एकच विचारायचं आहे: आत्ता तू सुरक्षित आहेस ना? बोलावंसं वाटलं तर मी गुरुवारी दुपारी विभागात असते. नाही बोलावंसं वाटलं तरी चालेल, त्यामुळे आपल्या वर्गात कशातही फरक पडणार नाही. समुपदेशकांचा नंबर खाली देते आहे.’

यातलं ‘आत्ता’ महत्त्वाचं आहे. लिहिलेलं जुनं असेल, पण त्रास संपलेला असेलच असं नाही. आणि ‘नाही वाटलं तरी चालेल’ हे वाक्य वगळू नका. शिक्षकाच्या हातात गुण असतात, त्यामुळे आपलं ‘भेटायला ये’ हे विद्यार्थ्याच्या कानाला हुकमासारखं लागतं. ‘किती धीट आहेस तू’ वगैरे मी लिहीत नाही. तिने आपल्याला कौतुकासाठी लिहिलेलं नसतं.

ती आली, तर तिने बोलायला सुरुवात करण्याआधी गोपनीयतेची मर्यादा सांगा. तुमच्या संस्थेचा आणि कायद्याचा नियम आधी माहीत करून घ्या, कारण लैंगिक छळ, अल्पवयीन व्यक्तीवरचा अत्याचार किंवा जिवाला धोका अशा बाबतींत कळवण्याचं बंधन अनेक ठिकाणी शिक्षकावर असतं. ‘तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मला पुढे कळवावं लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करेन.’ हे आधी सांगितलं तर काय बोलायचं, किती बोलायचं हे ती ठरवू शकते. सगळं ऐकून झाल्यावर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो.

पुढचं काम तीन शब्दांत मावतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा तोच आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. प्रशिक्षित डॉक्टर नसलेल्या माणसांसाठीच ती लिहिलेली आहे, त्यामुळे तुमच्या ‘मी मानसशास्त्राची नाही’ या अडचणीचं उत्तर तिच्यात आहे. तपशील खोदून काढायचे नाहीत. ‘मग काय झालं, किती वर्षं चाललं, आईला माहीत होतं का’ हे प्रश्न आपुलकीतून येतात, पण ते आपले नाहीत. मन मोकळं केलं की बरं वाटतं, असा आपला सगळ्यांचा समज असतो. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत माणसाकडून सगळी घटना वदवून घेण्याच्या पद्धतीचा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात तपास झाला, तेव्हा तिचा फायदा दिसला नाही. एका चाचणीत तर अशा बैठकीतून गेलेल्यांचा त्रास वर्षभरानंतर जास्तच आढळला. स्वतःहून सांगेल तेवढं ऐका, समुपदेशकाकडे जायला ती तयार असेल तर तिच्यासमोरच फोन लावा, हवं असल्यास दारापर्यंत सोबत जा. एवढ्यावर तुमचं काम पूर्ण होतं.

पुढच्या सत्रासाठी मात्र त्या असाइनमेंटचा प्रश्नच बदलायला हवा. ‘तुमच्या कुटुंबातील सत्तासंबंधांचे विश्लेषण करा’ असा प्रश्न असेल, तर ज्याच्या घरात मारहाण होती त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात: खोटं लिहा, नाहीतर उघडं पडा. तोच घटक तपासायला एखाद्या कादंबरीतलं कुटुंब घेता येतं, प्रसिद्ध झालेलं सर्वेक्षण घेता येतं, मुलाखत घेता येते. स्वतःचा अनुभव हाही एक पर्याय ठेवा, पण चारांतला एक, आणि सगळ्यांना सारखेच गुण. जॅनिस कॅरेलो आणि लिसा बटलर यांनी २०१४ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता: आघाताविषयी शिकवणं आणि आघाताची जाण ठेवून शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांना वैयक्तिक दुःख उघड करायला लावणं आणि त्यालाच सखोल शिक्षण मानणं किती धोक्याचं असतं, हे त्यांनी दाखवलं. समाजकार्य, मानसशास्त्र, साहित्य, स्त्री-अभ्यास या विषयांत ही सवय खोल रुजलेली आहे. आम्हा समाजकार्यवाल्यांमध्ये तर फारच.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे.

आघात झालेले विद्यार्थी वर्गात आहेत का, हा प्रश्नच उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या आयुष्यात आघात ठरू शकेल अशी एखादी तरी घटना घडते. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवर जो अभ्यास केला, त्याचा पहिला शोधनिबंध १९९८ मध्ये आला. पूर्ण अभ्यासात एकूण १७ हजारांहून अधिक माणसं होती, आरोग्यविमा असलेली, बहुतेक सुशिक्षित आणि मध्यमवर्गीय. तरीही जवळपास दोन-तृतीयांश लोकांच्या बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईवडिलांची ताटातूट यांसारखं किमान एक काहीतरी घडलेलं होतं. तेव्हा ‘आमच्याकडे चांगल्या घरातली मुलं येतात’ या बोलण्याला काही आधार नाही.

पण आरोग्य संघटनेच्या त्याच माहितीचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे आणि प्रशिक्षणांत तो सर्रास गाळला जातो. अशा घटनेतून गेलेल्या माणसांपैकी सुमारे ५.६ टक्केच जणांना पुढे आघातोत्तर तणावविकार होतो. बहुतेक माणसं वेळ, माणसांचा आधार आणि सुरळीत दिनक्रम यांच्या बळावर सावरतात. म्हणून समोरच्या ६० मुलांकडे ‘६० जखमी’ म्हणून पाहणं चूक आहे, आणि ते मुलांना आवडतही नाही. बालपणीच्या अनुभवांची प्रश्नावली वर्गात वाटून प्रत्येकाचा ‘स्कोअर’ काढण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यापासूनही लांब राहा. खुद्द अँडा यांनी २०२० मध्ये लिहून स्पष्ट केलं की हा आकडा लोकसंख्येच्या पातळीवरच्या संशोधनासाठी आहे, एका माणसाचं भविष्य किंवा निदान ठरवण्यासाठी नाही.

मग शिकण्याशी याचा संबंध कुठे येतो? येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी ताण आणि मेंदूचा पुढचा भाग यांवर अनेक वर्षं काम केलं आहे. विचार रोखून धरणं, आकडे मनात ठेवणं, घाईचं उत्तर आवरणं, कामाचा क्रम लावणं ही कामं हा पुढचा भाग करतो. ताण वाढला की त्या भागातल्या जोडण्या तात्पुरत्या दुबळ्या होतात आणि सूत्रं भीती व सवय सांभाळणाऱ्या भागांकडे जातात. यातला कळीचा तपशील असा की ताण आपल्या आटोक्याबाहेरचा आहे असं वाटलं, तर तो फारसा तीव्र नसला तरी हा परिणाम होतो. ज्याने पूर्वी खरंच जीव मुठीत धरून दिवस काढले आहेत, त्याला वर्गातली साधी अनिश्चितताही त्या टोकाला नेऊ शकते.

बाहेरून ते कसं दिसतं? प्रश्न विचारला की मुलगी टक लावून पाहते, उत्तर नाही. मुलगा सूचना तीनदा ऐकूनही काम अर्धवट देतो. कुणी साध्या शेऱ्यावर भडकतं. कुणी आठ दिवस गायब होतं आणि ईमेललाही उत्तर देत नाही. आपण त्याला आळस, उद्धटपणा, बेफिकिरी म्हणतो. कधी ते तसं असतंही. कुठलं काय आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि ओळखण्याची गरजही नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. आघाताची जाण ठेवून शिकवायचं म्हणजे कुणावर काय गुजरलं हे शोधून त्याला सवलत द्यायची, असा समज सगळीकडे आहे. माझ्या मते तो उलटा आहे. सवलतीसाठी कहाणी मोजावी लागणं हाच मुळात त्रासाचा भाग आहे. ज्या विद्यार्थ्याला नीट बोलता येतं, प्राध्यापकांच्या खोलीत जायची भीती वाटत नाही, तो जाऊन अडचण सांगतो आणि त्याला मुदतवाढ मिळते. ज्याला लहानपणीच शिकायला मिळालं आहे की मोठ्या माणसाकडे काही मागणं धोक्याचं असतं, तो मागतच नाही, आणि नापास होतो. म्हणजे आपली दया बहुतेक वेळा चुकीच्या माणसापर्यंत पोहोचते. ती नियमातच घाला, सगळ्यांसाठी, कारण न विचारता.

माझ्या वर्गातला मुदतीचा नियम असा आहे: सत्रात एका असाइनमेंटसाठी प्रत्येकाला पाच दिवस जास्त मिळतात. मुदत संपायच्या आत ईमेल करायचा, विषयात ‘मुदतवाढ’ लिहायचं, मजकूर रिकामा ठेवला तरी चालेल. कारण लिहिलं तरी ते मी निर्णयात धरत नाही. सहा छोट्या चाचण्या होतात, त्यांतल्या उत्तम पाच धरल्या जातात, त्यामुळे एखाद्या दिवशी कुणाला उठणं जमलंच नाही तर डॉक्टरचा दाखला शोधत फिरावं लागत नाही. शेवटची तारीख मात्र हलत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘जमेल तेव्हा दे’ ही सवलत प्रेमाची वाटली तरी तिने नुकसान होतं. आघातातून गेलेला माणूस ज्याची भीती वाटते ते टाळत जातो, टाळलेलं साठतं, आणि सत्राच्या शेवटी चार असाइनमेंटचा डोंगर उभा राहतो. ठरलेल्या मर्यादेतली लवचिकता उपयोगी पडते, बेमुदत सूट पडत नाही. याहून जास्त वेळ खरंच लागणार असेल, तर ते संस्थेच्या रीतसर मार्गाने जाऊ द्या, तुमच्या एकटीच्या मर्जीवर नको.

अमेरिकेच्या व्यसन आणि मानसिक आरोग्य सेवा विभागाने २०१४ मध्ये या दृष्टीची सहा तत्त्वं मांडली: सुरक्षितता, पारदर्शकता आणि विश्वास, तशाच अनुभवातून गेलेल्यांचा आधार, सहकार्य, निवड आणि स्वतःचा आवाज, आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांचं भान. ती संस्थांसाठी लिहिलेली आहेत. वर्गात शिरताना मी दोनच मनात ठेवते: पुढे काय होणार हे विद्यार्थ्याला आधी कळावं, आणि त्यात त्याला थोडी तरी निवड असावी. ताण आटोक्याबाहेरचा वाटू न देण्याचे हेच दोन मार्ग शिक्षकाच्या हातात आहेत.

आधी कळणं म्हणजे अगदी साध्या गोष्टी. तासाच्या सुरुवातीला फळ्यावर आज काय काय होणार ते तीन ओळींत. गुण कशाला, किती, ते पहिल्याच आठवड्यात लेखी, आणि मध्ये बदल नाही. बदलावंच लागलं तर का, ते सांगून. अचानक चाचणी नाही. चित्रफीत दाखवण्यासाठी दिवे घालवायचे असतील तर आधी सांगून, आणि पूर्ण अंधार न करता. वर्गात फिरताना कुणाच्या मागे जाऊन उभं राहायचं नाही, शाबासकीसाठीसुद्धा खांद्यावर हात ठेवायचा नाही. दाराजवळच्या बाकावर रोज तोच विद्यार्थी बसत असेल तर ‘पुढे ये’ असा आग्रह धरू नका. बाहेर पडायची वाट दिसत राहिली की काहींचं लक्ष लागतं. उशिरा आलेल्याला सगळ्यांसमोर टोमणा मारल्याने वेळेवर येण्याची सवय लागत नाही, पुढच्या वेळी तो उशीर झाला की येतच नाही.

अचानक नाव घेऊन उत्तर विचारण्याबद्दल प्राध्यापकांशी माझे सर्वांत जास्त वाद होतात. ते पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही. सगळ्यांनी बोललं पाहिजे, हे मलाही मान्य आहे, कारण न बोलणारा न बोलताच पदवी घेऊन जातो. मी क्रम बदलते. प्रश्न फळ्यावर लिहिते, दोन मिनिटं प्रत्येकाने वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, आणि मग मी नावं घेते. तोवर प्रत्येकाच्या हातात लिहिलेलं काहीतरी असतं. ‘आत्ता पुढे जा’ म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, पण त्याच तासात मी पुन्हा येणार हेही ठरलेलं असतं. एरवी वर्गात गप्प बसणारी मुलं या क्रमाने बोलू लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. उत्तरं सुधारतात, तीही सगळ्यांचीच.

तोंडी परीक्षेचं तसंच. बंद खोलीत तीन परीक्षक ओळीने बसलेले, समोर एक खुर्ची, प्रश्न कुठून येणार माहीत नाही. हुशार मुलंही तिथे गोठतात. प्रश्नांचे प्रकार आधी कळवा, पहिला प्रश्न स्वतःच्या कामाबद्दलचा आणि सोपा ठेवा, पाण्याचा ग्लास ठेवा, विचार करायला अर्धा मिनिट शांतता चालेल असं सुरुवातीलाच सांगा. दार उघडं हवं की बंद, हेही विचारता येतं. काठिण्य प्रश्नांतच राहतं, ते यातल्या कशानेही कमी होत नाही.

आता आशयाविषयी. हिंसा, आत्महत्या, बलात्कार, दंगली, युद्ध हे विषय शिकवायचेच. टाळणं हा उपाय नाही. मग आधी इशारा द्यावा का? ‘ट्रिगर वॉर्निंग’वर आता पुरेसं संशोधन झालं आहे, आणि व्हिक्टोरिया ब्रिजलँड आणि सहकाऱ्यांनी त्या सगळ्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं तेव्हा असं दिसलं की केवळ इशारा दिल्याने मजकुराचा त्रास कमी होत नाही, समजही वाढत नाही. मजकूर समोर येण्याआधीची धास्ती मात्र थोडी वाढते. म्हणून ‘पुढील मजकूर विचलित करू शकतो’ असं एक वाक्य टाकून मोकळं व्हायचं, यावर माझा विश्वास नाही. पण विद्यार्थ्यांना अंधारात ठेवावं असाही याचा अर्थ नाही. मी आठवडाभर आधी नेमकं सांगते: ‘पुढच्या मंगळवारी कौटुंबिक हिंसेवरचा न्यायालयीन निकाल वाचू. पान चार आणि पाचवर मारहाणीचं वर्णन आहे. आपल्याला ते पुराव्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी लागतं. ती पानं घरी, आपल्या वेळेत वाचून आलात तरी चालेल, वर्गात ती मोठ्याने वाचणार नाही.’ यात काय आहे, का आहे आणि पर्याय कोणता, हे तिन्ही आलं. विद्यार्थी तयारी करून येऊ शकतो. आणि हो, ज्या दृश्याची शिकण्यासाठी गरज नाही ते दाखवूच नका. वर्ग हलला पाहिजे म्हणून प्रेतांची छायाचित्रं लावणारे शिक्षक मी पाहिले आहेत. हललेला वर्ग त्या तासाला काही शिकत नाही.

तासात कुणी अचानक रडायला लागलं, श्वास भरभर होऊ लागला, उठून गेलं, तर सगळ्यांचं लक्ष तिकडे जाऊ देऊ नका. वर्गाला दोन मिनिटांचं लेखी काम द्या, जवळ जाऊन हळू आवाजात विचारा, ‘इथे बसायचं आहे की बाहेर? मैत्रीण सोबत येऊ दे का?’ छोटे, दोनच पर्याय असलेले प्रश्न. अशा वेळी माणसाला ‘काय होतंय सांग’ याचं उत्तर देता येत नाही. संध्याकाळी एक ओळीचा ईमेल: ‘आजच्या तासाच्या नोट्स जोडल्या आहेत.’ कारण विचारायचं नाही.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. त्यांनी बहुधा अशी उदाहरणं पाहिली असतील की सहानुभूतीच्या नावाखाली कुणी काही न शिकताच उत्तीर्ण झालं. तशी पदवी देणं ही विद्यार्थ्याची फसवणूक आहे, आणि ज्या विद्यार्थ्याकडे कमी साधनं असतात त्याचीच जास्त. पण वर सांगितलेल्यांपैकी कशाने दर्जा उतरतो ते त्यांना एकेक करून विचारा. गुणांचे निकष आधी सांगितल्याने? उत्तराआधी दोन मिनिटं लिहू दिल्याने? ‘तुझ्याकडून कमी अपेक्षा आहे’ हा निरोप आघात झालेल्या मुलाला आयुष्यभर मिळत आलेला असतो. शिक्षकाने तोच पुन्हा देऊ नये. मसुदा दोनदा तपासून देणं, कडक शेरे स्पष्ट आणि कामापुरते लिहिणं, ‘हे तुला जमेल, म्हणूनच परत लिहायला सांगते’ असं म्हणणं, हे सगळं कठोरही आहे आणि सुरक्षितही.

एका गोष्टीकडे मात्र सहकाऱ्यांचंही आणि तुमचंही लक्ष वेधते. पुष्कळदा आघाताची जागा घर नसते, संस्थाच असते. जातीवरून, धर्मावरून, रंगावरून, बोलण्याच्या ढबीवरून होणारा अपमान, गाइडने वर्षानुवर्षं अडवून ठेवलेला प्रबंध, छळाची तक्रार दाबून टाकणं. जेनिफर फ्रेड आणि कार्ली स्मिथ यांनी २०१३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थिनींचा अभ्यास केला. लैंगिक अत्याचाराला सामोरं गेलेल्यांपैकी ज्यांना संस्थेनेही दगा दिला, म्हणजे तक्रार अवघड केली, लपवाछपवी केली, त्यांच्यात चिंता आणि आघाताची इतर लक्षणं अधिक होती. जिथे तक्रार समितीकडे गेलेला कागद परत येत नाही, तिथे फळ्यावर तीन ओळी लिहून फारसं काही होणार नाही. माझ्या अनुभवात प्रशिक्षणाचे दोन तास ठेवायला संस्था लगेच तयार होतात, आणि ही व्यवस्था दुरुस्त करायची वेळ आली की चालढकल होते. मला याचा खरोखर राग येतो.

तुमच्याबद्दलही एक सांगायचं आहे. चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये करुणेच्या थकव्याविषयी, म्हणजे दुसऱ्यांचं दुःख सतत ऐकून येणाऱ्या थकव्याविषयी लिहिलं, ते आघातग्रस्तांसोबत काम करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून. पण जिच्याकडे मुलं येऊन बोलतात त्या शिक्षिकेलाही तो थकवा येतो, आणि प्रत्येक विभागात ते काम एक-दोघींच्याच वाट्याला येतं, बहुधा कनिष्ठ आणि कंत्राटी पदांवरच्या बायकांच्या. ते कुठल्याही कार्यभारात मोजलं जात नाही. भेटीची वेळ ठरवून ठेवा, रात्री फोन घेऊ नका, नाव न सांगता समुपदेशकाशी स्वतःही बोला. तुम्ही स्वतः अशा काही प्रसंगातून गेलेल्या असाल, तर एखाद्याचं ऐकणं दुसऱ्यावर सोपवायला अजिबात संकोच करू नका.

विभागाच्या पुढच्या बैठकीत ‘संवेदनशीलता वाढवू या’ असा ठराव मांडू नका, तो एकमताने मंजूर होतो आणि तिथेच संपतो. चार नेमक्या मागण्या घेऊन जा. मुदतवाढीचा एकच नियम सगळ्या विषयांना, म्हणजे विद्यार्थ्याला सहा प्राध्यापकांपुढे सहा वेळा हात पसरावे लागणार नाहीत. वैयक्तिक अनुभव मागणाऱ्या प्रत्येक असाइनमेंटला समान गुणांचा पर्याय. समुपदेशक, तक्रार समिती आणि तातडीची मदत यांचे नंबर व कळवण्याचे नियम असलेलं एक पान, दर सत्राच्या सुरुवातीला तपासून अद्ययावत केलेलं. आणि विद्यार्थ्यांच्या भेटींसाठी दिलेले तास कार्यभारात धरणं. पहिल्या दोन मागण्यांना पैसा लागत नाही, तिसरीला एक दुपार लागते. चौथीवर वाद होईल. ती तरीही मांडा, आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.